कै. पार्वतीबाई आठवले : एका आईची शाळा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार, तिच्यात प्रत्येकीने काही ना काही लिहावे, असे ठरले. पाककृती लिहून देणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत, आणि त्या माझ्याहून सुगरणही आहेत. ओव्या व उखाणे सांगणाऱ्यांचीही वाण नाही. मी मात्र एका बाईंची हकिगत लिहावयाचे मनात धरले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा भगिनींनी भाषेकडे फारसे न पाहता मजकुराकडे पाहावे, ही विनंती.

पौडाहून पुण्यास जाणाऱ्या आपणा सर्वांना कोथरुडातील कर्वे पुतळा ठाऊक आहे. तेथून कर्वेनगर फार दूर नाही. आपल्या तालुक्यातील कितीतरी मुली तेथील संस्थेत शिकल्या, वसतिगृहात राहिल्या. महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे नाव शाळेच्या पुस्तकातून आपल्या मुलांनाही पाठ असते. पण मंडळाच्या एका बैठकीत मी पार्वतीबाई आठवले हे नाव घेतले, तेव्हा पंचवीस-तीस जणींपैकी एकीच्याही ते कानावरून गेलेले नव्हते. ज्या माउलीने त्या संस्थेसाठी गावोगाव फिरून पैसा आणला, शेकडो मुलींची देखरेख केली आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी इंग्रजी शिकण्यासाठी समुद्र ओलांडला, तिचे नाव आपण विसरावे, हे मला बरे वाटले नाही. त्यांचे ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र १९२८ साली निघाले होते. त्यांची हकिगत मी आज आपल्या साध्या भाषेत सांगणार आहे.

पार्वतीबाईंचा जन्म १८७० साली कोकणात देवरूख येथे जोशी यांच्या घरी झाला. घर ब्राह्मणाचे, रीतीभातीचे. त्या काळी मुलींना शाळेत घालण्याची चाल नव्हती. मुलीने केर काढावा, धाकटी भावंडे सांभाळावी, दळण-कांडण शिकावे, आणि दहा-अकरा वर्षांची झाली की बोहल्यावर उभे राहावे. पार्वतीबाईंचे लग्नही अकराव्या वर्षीच झाले. मुलीच्या लग्नाचे वय निदान चौदा असावे, असा कायदा देशात व्हावयास १९२९ साल उजाडावे लागले, यावरून त्या वेळच्या परिस्थितीची कल्पना यावी.

त्यांचे यजमान महादेवराव आठवले गोव्याकडे नोकरीस होते. पगार बेताचाच होता. संसार मांडला, मूल झाले, आणि सुखाचे चार दिवस येतात न येतात तोच काळाने घाला घातला. पार्वतीबाई विधवा झाल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. पदरात एक लहान मुलगा, नारायण. नोकरीच्या मिळकतीत गाठीला काय उरणार? त्या मुलाला घेऊन माहेरी देवरूखास परत आल्या.

वैधव्य आल्यावर त्या काळच्या रूढीप्रमाणे त्यांचे केशवपन झाले. आजच्या मुलींना हा शब्दही समजावून सांगावा लागतो. नवरा वारला की बाईच्या डोक्यावरचे केस न्हाव्याकडून काढवीत, आणि पुढे जन्मभर ते वाढू देत नसत. कुंकू नाही, बांगडी नाही, मंगल कार्यात पुढे यावयाचे नाही. घरातील सारे कष्ट मात्र तिनेच उपसावयाचे. तिने जेवावे एक वेळ, आणि बोलावे त्याहूनही कमी! अशा बाईचे मूल म्हणजे मामाच्या घरचे आश्रित. आज मामा प्रेमाने जेवू घालील, पण मुलाची शाळा, त्याची पुस्तके, त्याचे पुढचे आयुष्य यांचे काय? वीस वर्षांच्या त्या आईला रात्री झोप कशी येत असेल, याचा विचार मनात आला की माझ्या पोटात कालवते.

येथे त्यांच्या बहिणीची हकिगत सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. तिचे नाव गोदूबाई. तीही बालविधवाच. नवरा म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच तिचे कपाळ पांढरे झाले होते. त्यांचे भाऊ नरहरपंत जोशी मुंबईस शिकत होते आणि ते अण्णासाहेब कर्वे यांचे मित्र. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवांना शिकविण्यासाठी ‘शारदा सदन’ काढले, तेव्हा भावाने गोदूबाईला तेथे दाखल केले. सदनात आलेली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढे सदन पुण्यास आले. आणि १८९३ साली अण्णासाहेबांनी, ज्यांची पहिली पत्नी वारली होती, या गोदूबाईशी पुनर्विवाह केला. विधवाविवाहाला कायद्याने १८५६ सालापासून मुभा होती. पण कायदा कागदावर आणि समाज गावात! अण्णासाहेबांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. लग्नानंतर गोदूबाई आनंदीबाई झाल्या. सारे त्यांना बाया कर्वे म्हणत.

एक बहीण पुन्हा सौभाग्यवती झाली. दुसरी, म्हणजे पार्वतीबाई, मात्र त्या वाटेने गेल्या नाहीत. त्यांनी पुनर्विवाह केला नाही. पण माहेरच्या माजघरात पोळ्या लाटीत जन्म काढणेही त्यांनी पत्करले नाही. पुण्यास बहिणीच्या घरी जावयाचे, तेथे आपण शिकावयाचे आणि मुलालाही शिकवावयाचे, असे त्यांनी ठरविले. वाचावयास हे सोपे वाटते. पण विचार करून पाहा, केशवपन केलेली सोवळी बाई, आणि जिच्या घरी जावयाचे तिने पुनर्विवाह केलेला! त्या घरचे पाणीही पुष्कळांना चालत नव्हते. लोक काय म्हणतील, हा प्रश्न आज आपल्याला जितका छळतो त्याच्या शंभरपट त्या वेळी छळत असेल. मला वाटते, त्या मुलाचे तोंड डोळ्यांपुढे होते म्हणूनच हे धैर्य त्यांना झाले असावे. एरवी एकटीसाठी बाई फारसे काही मागत नाही. मुलासाठी मात्र ती उंबरठाही ओलांडते.

पुण्यास आल्या तेव्हा त्यांचे वय सव्वीसच्या सुमाराचे होते, आणि या वयात त्यांनी रीतसर शिक्षणाला आरंभ केला. ज्या हातांनी जाते ओढले, कपडे धुतले, मूल खेळविले, त्या हातात पाटी-पेन्सिल आली. मोठ्या वयात पाटी धरणे किती अवघड असते, हे ज्याने धरली त्यालाच ठाऊक. मंडळातर्फे आपण प्रौढ बायकांना अक्षरओळख करून देत होतो, तेव्हा मी ते पाहिले आहे. भाताची रोपे सरळ ओळीत लावणाऱ्या बायका, पण ‘अ’ काढताना त्यांचा हात थरथरे. बोटे ताठरलेली असतात, लक्ष चुलीवरच्या दुधाकडे असते, आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे लाज. नातवंडे हसतील, ही लाज! पार्वतीबाईंनी ही लाज पहिल्याच दिवशी बाजूला ठेवली असली पाहिजे. स्वतः अण्णासाहेब त्यांचे गुरू. घरकाम सांभाळून अभ्यास चाले.

याच सुमारास, १८९६ साली, अण्णासाहेबांनी विधवांसाठी ‘अनाथ बालिकाश्रम’ काढला. पार्वतीबाई त्यातील अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. त्या वर्षांत पुण्यात प्लेगने कहर केला होता. घरेच्या घरे ओस पडत होती. अशा वेळी शहरापासून चार मैलांवर हिंगणे नावाच्या खेड्याजवळ रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आश्रमास दिली आणि पहिल्या झोपडीसाठी ७५० रुपये दिले. १९०० साली आश्रम तेथे गेला. आज ज्याला आपण कर्वेनगर म्हणतो, जेथे रस्ता ओलांडावयास पाच मिनिटे उभे राहावे लागते, तेथे त्या वेळी माळ होता, काटेकुटे होते, पावसाळ्यात गुडघाभर चिखल होता. अण्णासाहेब फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत आणि संध्याकाळी पायी हिंगण्यास येऊन आश्रमातील बायकांना शिकवीत. मुळशीच्या पावसात चिखल तुडवीत शाळेला गेलेल्यांना ही पायपीट काय असते ते सांगावयास नको.

अण्णासाहेबांची पायपीट साऱ्यांना माहीत आहे. पण अण्णासाहेब शहरात गेल्यावर मागे त्या माळावर कोण असे? या बायकाच! त्यांना धीर कोणी द्यावयाचा? आजारी पडलेलीच्या उशाशी कोणी बसावयाचे? सासरच्या आठवणीने किंवा गेलेल्या मुलाच्या दुःखाने रात्री हुंदके देणाऱ्या पोरीला जवळ कोणी घ्यावयाचे? पार्वतीबाई आपले शिक्षण करून याच आश्रमात शिक्षिका झाल्या आणि पुढे आश्रमाच्या व्यवस्थापिका झाल्या. त्यांच्याबरोबर वेणूबाई नामजोशी आणि काशीबाई देवधर याही आश्रमातूनच तयार झालेल्या, आणि तिघींनी मिळून ते घर उभे धरले. मी ‘घर’ असे मुद्दाम म्हणते. शाळेला मास्तर लागतो, पण जिला घर राहिले नाही तिच्या शाळेला आई लागते. एका मुलाची आई असलेल्या पार्वतीबाई अशा कितीतरी जणींची आई झाल्या. स्वतः त्या दुःखातून गेल्या होत्या, म्हणून त्यांना कोणाचे डोळे का ओले आहेत हे विचारावे लागत नसेल.

आश्रम वाढला तसा खर्च वाढला. शिकावयास येणाऱ्या विधवांजवळ फी कोठली? धान्य, कपडे, पुस्तके, इमारती, सारे देणगीवर. मग पार्वतीबाई वर्गणी गोळा करण्यास बाहेर पडल्या. आपण गणपतीची किंवा हळदीकुंकवाची वर्गणी मागावयास दहा घरे फिरतो, तर तोंड कसे कोरडे पडते! कोणी दार अर्धेच उघडतो, कोणी उद्या या म्हणतो, कोणी हिशेब विचारतो. पार्वतीबाई अशा परमुलखांत, ओळख ना देख, गावोगाव हिंडल्या. बाईने सभेत उभे राहून बोलणे ही नवलाची गोष्ट होती, त्यात बोलणारी विधवा! पण त्यांनी व्याख्याने दिली, आश्रमाची माहिती सांगितली, आणि पैसा आणला. पुढे हिंगण्याच्या संस्थेने भाऊबीज निधीची प्रथा सुरू केली. समाजातल्या भावांनी शिकणाऱ्या बहिणींना ओवाळणी घालावी, अशी ती सुंदर कल्पना. वर्गणी मागणाऱ्या या बायकांनी झिजविलेल्या चपलांवरच ती संस्था उभी आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या फिरतीत एक गोष्ट त्यांच्या उपयोगी पडली, ती ऐकून मन चरकते. त्यांचे डोके सोवळे होते, वेष जुन्या वळणाचा होता. त्यामुळे जुन्या मताच्या घरांतही त्यांना प्रवेश मिळे. ज्या रूढीने त्यांना एके काळी खाली बसविले, तिच्याच वेषात त्या विधवांच्या शिक्षणासाठी मदत मागत. परंतु चाळिशी उलटल्यावर, १९१२ च्या सुमारास, त्यांनी केशवपन बंद केले आणि केस वाढू दिले. इतकी वर्षे सोसले, आता म्हातारपणाकडे झुकताना ही काय हौस, असे बोलणारे निघालेच. लोकांना बोलावयास काय लागते? पण पार्वतीबाईंना जी चाल अन्यायाची वाटली ती त्यांनी स्वतःच्या अंगावरून आधी उतरविली, मग दुसऱ्यांना सांगितले. शिक्षकाचे खरे लक्षण मला हेच वाटते.

हा भाग मी मंडळात वाचून दाखविला, तेव्हा आपल्यापैकी एकीने विचारले की, सारे ठीक, पण बाई गावोगाव हिंडत होत्या तेव्हा मुलाचे काय? आईने मुलाजवळ असावे की नसावे? प्रश्न सरळ होता आणि त्यावर आपल्यात बरीच बोलाचाली झाली. कोणी म्हणे, एवढ्याशा लेकराला आई दिसली नाही तर ते शिक्षण काय कामाचे. कोणी म्हणे, बाप मुंबईला गिरणीत राहून वर्षातून दोनदा घरी आला तर त्याला कोणी निर्दय म्हटले नाही, मग आईलाच का? आपल्या मुळशीतून मुंबईस गेलेले बाप आपण सर्वांनी पाहिले आहेत. मलाही त्या दिवशी उत्तर सुचले नाही. पण घरी आल्यावर भाकऱ्या थापताना एक विचार मनात आला, तो येथे मांडते.

पार्वतीबाई मुलासाठीच घराबाहेर पडल्या. देवरूखास राहिल्या असत्या, तर मुलाला आई रोज दिसली असती. पण कशी दिसली असती? कोपऱ्यात बसलेली, मान खाली घातलेली, उष्टी काढणारी. मुलाने तेच पाहिले असते आणि बाईचा जन्म असाच असतो असे समजून तो मोठा झाला असता. त्याऐवजी त्याला दिसली ती शिकणारी, शिकविणारी, सभेत बोलणारी आई. नारायण शिकून मोठा झाला आणि त्यानेही हिंगण्याच्याच संस्थेच्या कामाला वाहून घेतले. मुलाने आईच्या कामावर राग धरला असता तर तो त्या कामाकडे फिरकलाही नसता. माझ्या मते आपल्या बैठकीतल्या प्रश्नाला याहून चांगले उत्तर नाही. तरीही ज्या भगिनीने तो विचारला तिचे मी आभार मानते. कारण आईच्या मनाला जे तोडावे लागते त्याची किंमत कमी लेखून चालणार नाही. पार्वतीबाईंनाही ती मोजावी लागलीच असेल.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत नवलाची गोष्ट. आश्रमासाठी दूर दूर फिरताना त्यांना एक उणीव जाणवू लागली. मराठी मुलखाबाहेर मराठी चालेना. इंग्रजी यावयास हवे. इकडे राहून अभ्यास करून पाहिला, पण आश्रमाचा व्याप पाठीशी; चार ओळी वाचतात न वाचतात तो कोणीतरी हाक मारी. घरात राहून शिकू पाहणाऱ्या बाईची हीच गत होते. तेव्हा जेथे इंग्रजीवाचून गत्यंतरच नाही अशा मुलखात जावे, असे त्यांनी मनाशी घेतले, आणि १९१८ साली त्या अमेरिकेस निघाल्या. वय अठ्ठेचाळीस! मुलगा तोवर कर्ता झाला होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीचा तो काळ, समुद्रप्रवास धोक्याचा. जवळ पैसा थोडा, भाषा तर नाहीच, आणि आहार शाकाहारी.

अमेरिकेत त्या कशा राहिल्या? लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. पुण्यात ज्यांना साऱ्या मुली मान देत, त्या व्यवस्थापिकाबाई परक्या देशात परक्यांची भांडी घासू लागल्या. काम करीत असता कानावर पडेल ते इंग्रजी शिकावयाचे, असा त्यांचा वर्ग! कामात कमीपणा त्यांनी मानला नाही. आपल्यातल्या कितीतरी भगिनी हिंजवडीच्या आणि पिरंगुटच्या बाजूला घरकामास किंवा कारखान्यात जातात आणि चारचौघांत ते सांगताना आवाज खाली घेतात. त्यांनी पार्वतीबाईंची ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. दोन वर्षे त्यांनी तेथे काढली. ओळखी केल्या, तेथील बायकांची राहणी, त्यांची घरे, त्यांच्या संस्था पाहिल्या, आणि १९२० साली त्या मायदेशी परतल्या.

त्या परत आल्या तेव्हा हिंगण्याच्या रोपाचा वृक्ष होऊ लागला होता. अण्णासाहेबांनी १९१६ साली महिलांचे विद्यापीठ काढले होते. तेथे शिक्षण मातृभाषेतून द्यावयाचे, इंग्रजी एक विषय म्हणून शिकवावयाचे, आणि घरसंसाराला उपयोगी विषयांनाही मान द्यावयाचा, अशी योजना होती. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्या विद्यापीठास पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव विद्यापीठास मिळाले. आज आपण एस. एन. डी. टी. म्हणतो ते हेच. एका आईच्या नावाने विद्यापीठ चालते आणि दुसऱ्या एका आईच्या कष्टांवर त्याचा पाया आहे, हे किती जणींना ठाऊक असेल!

याच काळात आपल्या मुळशीत काय चालले होते? १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध आपल्या पेट्यात सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचे नाव आपण त्यामुळेच घेतो. बायकाही त्यात मागे नव्हत्या. पण जमिनीचे कागद आले तेव्हा ते वाचणारी बाई गावात कोठे होती? आमच्या आजेसासूबाई सांगत की, कागद हातात उलटा आहे की सुलटा हेही त्यांना समजत नसे. हिंगणे येथून पंधरा-वीस मैल. तेथे विधवा बाई इंग्रजी शिकून आली होती, आणि येथे घरदार पाण्याखाली जाताना आमच्या बायकांना अंगठ्यापलीकडे काही येत नव्हते. अंतर मैलांचे नव्हतेच, ते अक्षरांचे होते.

पार्वतीबाईंनी आपली हकिगत लिहिली, हे मी आरंभी सांगितलेच. त्या पुस्तकाचे रेव्हरंड जस्टिन अ‍ॅबट यांनी इंग्रजीत भाषांतर केले आणि ते १९३० साली न्यूयॉर्क येथे छापले गेले. ज्या देशात त्यांनी घरोघरी काम करून इंग्रजी शब्द वेचले, त्याच देशात त्यांची कहाणी इंग्रजीतून वाचली गेली. सव्विसाव्या वर्षी पाटी हातात घेणाऱ्या बाईला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते हवे?

त्यांची बहीण बाया कर्वे १९५० साली वारल्या. पार्वतीबाई १९५५ साली, पंचाऐंशी वर्षांचे आयुष्य पुरे करून गेल्या. अण्णासाहेबांना १९५८ साली, त्यांच्या वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न ही पदवी मिळाली; तो गौरव पाहावयास या दोघी बहिणी नव्हत्या. हिंगण्याच्या त्या माळावर आज मुलींच्या अनेक शाळा-कॉलेजे आहेत. १९९१ सालापासून मुलींसाठी इंजिनिअरिंगचे कॉलेजही तेथे आहे. प्लेगच्या भीतीने जेथे विधवांनी झोपडीत बिऱ्हाड थाटले, तेथे आज आपल्या लेकी यंत्रे शिकतात.

आता थोडे आपल्याबद्दल. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा लांब, मध्ये ओढा, आणि पावसाळ्याचे चार महिने ओढ्याला उतार नसे. म्हणून माझ्याबरोबरच्या आम्ही सहाही मुली सातवीनंतर घरी बसलो. त्यात कोणाचा राग धरण्यासारखे नाही. तेव्हा तसेच होते. पुढे लग्न झाले, मुले झाली, त्यांच्या दहावी-बारावीच्या वेळी रात्री दोन-दोन वाजता उठून मी चहा करून दिला. मुले आता आपापल्या वाटेला लागली. आपल्या मंडळात अशा पुष्कळ जणी आहेत. दुपारी काम उरकून बसल्यावर आपण म्हणतो की, आता आपले काय राहिले, मुलांचे झाले की सारे झाले.

पार्वतीबाईंची हकिगत वाचल्यापासून हे वाक्य माझ्या तोंडी येत नाही. शाळेत न जाता बाहेरून दहावीस बसता येते, त्यासाठी सतरा नंबरचा अर्ज भरावा लागतो, हे आपल्याला ठाऊक आहे. मी तो भरावयाचे ठरविले आहे. माझ्या मुलीने गणित शिकविण्याचे कबूल केले आहे, आणि घरच्यांनीही नाही म्हटले नाही. पास होईन की नाही, ते पेपरच सांगतील. माझ्याबरोबर मंडळातील आणखी चौघी तयार झाल्या आहेत. ज्यांना अजून सहीही करता येत नाही अशा बायकांसाठी अक्षरओळखीचा वर्ग लावणी आटोपल्यावर, श्रावणात पुन्हा सुरू करावा, असेही मी सुचविते. शिकणारीने दुसरीला शिकवावे, हा हिंगण्याचाच धडा आहे. पार्वतीबाई पंडिता नव्हत्या. आपल्याला जेवढे आले तेवढे त्या दुसरीला देत गेल्या, आणि देता देता स्वतः पुढचे शिकत गेल्या.

भगिनींनो, आईपण आले म्हणून शिक्षण संपले, असे आपण मानत आलो. पार्वतीबाईंचे शिक्षण आईपण आल्यावर सुरू झाले. आपल्यापैकी कोणाचेही वय अजून अठ्ठेचाळिसाच्या पुढे गेले असेल, तर तिने अमेरिकेस जाऊ नये, पण वर्गात अवश्य यावे! वर्ग मंडळाच्या खोलीत, दुपारी तीन वाजता. पाटी मंडळ देईल. चश्मा मात्र प्रत्येकीने आपला आणावा.